धूर कारखान्यांचा, मग निबंध आम्ही का लिहायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सातवी-आठवीला विज्ञान शिकवता. दरवर्षी पर्यावरण दिनाला पोस्टर, पाऊस सुरू झाला की वृक्षदिंडी, मग निबंध स्पर्धा हे सगळं तुमच्या शाळेत होतं. यंदा एका मुलाने उभं राहून विचारलं, "बाई, धूर कारखान्यांचा, मग निबंध आम्ही का लिहायचे?" तेव्हापासून तुम्हाला वाटतंय की शिक्षणाने हवामान बदलावर खरंच काही फरक पडतो का, की आपण मुलांच्या मनात नुसती भीती भरतोय.

मी बरीच वर्षं सोलापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवलं, आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला मनापासून आवडला. त्याला उडवून न लावता सरळ उत्तर द्यायला हवं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी त्याचं म्हणणं मान्य करू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० रेणू होते, आता ते ४२० च्या वर गेलेत. ही वाढ मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे झाली. भारतातला माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो, अमेरिकेतला त्याच्या सहा-सात पट. भारतातही हा वाटा सारखा नाही. ज्याच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे आहेत, त्या पोराला "पृथ्वी वाचवा" सांगताना आपण कुणाचा हिशोब कुणाकडे मागतोय याचं भान शिक्षकाने ठेवलंच पाहिजे. निबंधाने वीजकेंद्राची चिमणी थांबत नाही. हे वर्गात स्पष्ट बोला. मुलं तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतील.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पर्यावरण शिक्षण कमी आहे, ही खरी अडचण नाही. १९९१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचे आदेश दिले. आपल्या मुलांना तिसरीपासून परिसर अभ्यास असतो, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे. उष्णता धरून ठेवणाऱ्या हरितगृह वायूंची नावं विचारा, पोरं धडाधड सांगतात. पण त्याच पोरांना विचारा, गेल्या वर्षी आपल्या गावात पाऊस किती पडला? आपल्या विहिरीचं पाणी मार्चमध्ये किती खोल जातं? टँकर कधी लावायचा हे कोण ठरवतं आणि कुठे? वर्ग गप्प होतो. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. आपण मुलांना साऱ्या जगाचं दुखणं शिकवतो. स्वतःच्या शिवाराचा आकडा वाचायला आणि तो जिथे निर्णय होतात तिथे नेऊन मांडायला शिकवत नाही.

शिक्षणाने फरक पडतो याचे पुरावे आहेत, मात्र ते अशा शिक्षणाचे आहेत. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१९ मध्ये फनी वादळ आलं तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. यामागे उपग्रह होते, पक्के निवारे होते, सरकारी यंत्रणा होती. पण सायरन वाजल्यावर कुठे जायचं, म्हाताऱ्यांना कुणी न्यायचं, हे गावागावांत सराव करून लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. अहमदाबादचंही तसंच. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत तिथे तेराशेवर जास्तीचे मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्माघात कृती आराखडा केला. त्यात इशारा देण्याइतकाच भर दवाखान्यातले कर्मचारी, मजूर आणि वस्त्यांमधल्या बायका यांना शिकवण्यावर होता. तापमान एका अंशानेही कमी झालं नाही, पण माणसं वाचवता आली. शाळेला यातला मोठा वाटा उचलता येतो, कारण गावातल्या प्रत्येक घरात पोचणारी तिच्यासारखी दुसरी संस्था नाही.

आता माझ्या अनुभवातलं सांगतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. तेव्हा सुरुवात पावसापासूनच. सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची मोठी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळ खडबडीत असतो म्हणून आत खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी भरायचं आणि त्या पातळीला शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवायची. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब, उघड्यावर ती ठेवायची. रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण हवामान खातं त्याच वेळेला मोजतं. वहीत तारीख, आकडा, सही. मग पुन्हा शून्यावर. सुट्टीच्या दिवशी शाळेजवळ राहणारं पोर मोजतं. कुणी अंदाजे आकडा टाकला तर दुसऱ्या गटाच्या बाटलीशी तो जुळत नाही आणि लगेच उघडा पडतो. विज्ञानात प्रामाणिकपणा कशाला लागतो यावर वेगळा तास घ्यावा लागत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मुलांच्या एक गोष्ट लक्षात येते. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची वाट मोकळी होते. मंडळाच्या यंत्रात आकडा ६५ च्या आत आणि तीन-चार किलोमीटरवरच्या आपल्या वस्तीवर त्याहून जास्त, असं सर्रास होतं. आपल्या बाटलीचा आकडा सरकारदरबारी ग्राह्य धरला जात नाही, हे मुलांना आधीच सांगायचं, खोटी आशा लावायची नाही. पण ज्याच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलंय, त्याच्या पोराला मिलिमीटर म्हणजे काय हे त्या दिवशी जितकं नीट कळतं, तितकं पुस्तकातून कधी कळत नाही. यंत्र कुठे बसवलंय, त्याची आकडेवारी कुठे बघायची, हे घरातली मोठी माणसंही मग त्या पोरालाच विचारू लागतात.

पावसानंतर पाण्याचा ताळेबंद. हा माझा आवडता धडा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हे आठवीच्या मुलाला स्वतः काढता येतं. समजा गावाचं शिवार ८०० हेक्टर आणि पाऊस ५५० मिलिमीटर. गुणाकार केला की ४४० कोटी लिटर. गावात दीड हजार माणसं, माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर वर्षाला तीन कोटी लिटर. म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या एक टक्काही पिण्या-वापरण्याला लागत नाही. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की मुलं आपण होऊन विचारतात, "मग टँकर का येतो?"

या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. त्यांना शोधू द्या. बरंच पाणी वाफ होऊन जातं, बरंच ओढ्याने वाहून जातं, थोडं मुरतं. आमच्याकडे खाली काळा पाषाण, त्यात पाणी धरून ठेवायची जागा कमी. आणि मग पिकं. उसाला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. पावसाचे साडेपाचशे वजा केले तरी उरलेलं हेक्टरी जवळपास दीड कोटी लिटर विहिरीतून, बोअरमधून नाहीतर कालव्यातून द्यावं लागतं. म्हणजे पाच एकर उसाचं पाणी हे त्या दीड हजार माणसांचं वर्षभराचं पाणी. हा हिशोब मुलांनी स्वतः मांडला की वर्गात शांतता पसरते, कारण निम्म्या पोरांच्या घरी ऊस असतो.

इथे शिक्षकाने फार जपून पाऊल टाकायचं. ऊस लावणारा बाप गुन्हेगार आहे असा सूर चुकूनही लागता कामा नये. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, कारखाना तोडून नेतो, बँक कर्ज देते. ज्वारीला आणि तुरीला यातलं किती मिळतं? मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर, जवळपास पाणी न देता येते. तरी शेतकरी ती का सोडतो, हे मुलांनी घरी जाऊन विचारावं. उत्तरं आली की कळतं, प्रश्न समजुतीचा नाहीये, बाजाराचा आणि धोरणाचा आहे. ठिबकवर ऊस घेणारा, क्षेत्र कमी करून डाळिंबाकडे वळलेला, असे शेतकरीही गावात असतात. त्यांना वर्गात बोलवा. हवामान बदलाचं शिक्षण अर्थशास्त्राला वळसा घालून होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे आकडे पुढे ग्रामसभेत गेले पाहिजेत. आपल्याकडे २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होते. तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो आणि रब्बीचा निर्णय व्हायचा असतो. मुलांचा तक्ता त्या आधी तयार हवा. इतका पाऊस झाला, विहिरींची पातळी एवढी, पिण्यासाठी एवढं राखायला हवं, उरलेल्यात कोणतं पीक किती बसतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हेच गावपातळीवर करून दाखवलं. तिथे पाऊस मोजून ग्रामसभेत पीक ठरतं, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे, उसासारखी तहानलेली पिकं टाळली जातात. प्रत्येक गावाला तसं नेतृत्व मिळेल असं नाही. आमच्या भागातल्या काही ग्रामसभांत मुलांचा तक्ता नीट ऐकला गेला, काही ठिकाणी टाळ्या वाजवून विषय संपवला. टाळ्यांवर समाधान मानू नका. तक्ता सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी तुलना करा.

तुमचं गाव किंवा शहर कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून इथे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतात. कोकणात असाल तर पाण्याच्या ताळेबंदापेक्षा वादळाचा आणि दरडीचा अभ्यास आधी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नारळ धरायला वर्षं लागतात, त्यामुळे त्या घरांचं नुकसान एका हंगामाचं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला, चिपळूण-महाड बुडालं, तळिये गावावर दरड आली. तिथल्या मुलाला उताराला भेगा पडणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, झाडं कलणं ही लक्षणं ओळखता यायला हवीत आणि ती कुणाला कळवायची हेही ठाऊक हवं. खाडीकाठी शाळा असेल तर कांदळवनाचा नकाशा करा, दरवर्षी त्याची हद्द तपासा.

शहरात असाल तर विजेचं बिल आणि उष्णता. वर्गातले जुने पंखे साधारण ७५ वॅटचे, नवे कमी विजेवर चालणारे ३० वॅटचे. दहा पंखे, रोज सहा तास, वर्षाला २२० दिवस, म्हणजे ५९४ युनिट वाचतात. आपल्याकडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणून चारशे किलोच्या वर बचत. हा हिशोब मुलांनी शाळा समितीपुढे मांडला तर पंखे बदलण्याची शक्यता पोस्टरपेक्षा कितीतरी जास्त. पत्र्याच्या वर्गात आणि कौलाच्या वर्गात एप्रिलच्या दुपारी किती अंशांचा फरक पडतो हेही मोजा. पत्र्याला पांढरा चुना मारून पुन्हा मोजा.

चंद्रपूर, कोराडी अशा कोळशावर वीज बनणाऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्यांची गोष्ट सगळ्यात अवघड. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. वर्गातल्या कितीतरी मुलांचं घर कोळशाच्या खाणीवर नाहीतर त्या केंद्रावर चालतं. तिथे "कोळसा वाईट" म्हणून तास संपवणं अन्यायाचं आहे. पुढच्या वीस-तीस वर्षांत ही कामं कमी होत गेली तर आपण काय शिकायचं, कुठली नवी कामं इथेच उभी राहू शकतात, ती मागायची कुणाकडे, हा त्या मुलांचा हवामान बदलाचा धडा आहे.

हे स्थानिक काम करताना मूळ विज्ञान कच्चं राहू देऊ नका. सर्वाधिक आढळणारा घोळ म्हणजे ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ एकच समजणं. पुष्कळ शिक्षकांच्याही मनात तो असतो. ओझोन अतिनील किरण अडवतो. तापमानवाढ होते ती जमिनीने बाहेर टाकलेली उष्णता हवेतल्या वायूंनी धरून ठेवल्यामुळे. दुसरा घोळ, एका कडक उन्हाळ्यावरून किंवा एका थंड जानेवारीवरून निष्कर्ष काढणं. हवामान खातं तापमानाची सरासरी तीस वर्षांची धरतं, सध्या १९९१ ते २०२० ची. तुमच्या शाळेच्या पाच-सात वर्षांच्या वहीतून बदलाचा कल सिद्ध होणार नाही, हे मुलांना सांगा आणि त्यासाठी खात्याची जुनी आकडेवारी शेजारी ठेवा.

तिसरी गोष्ट मुलांना हमखास कोड्यात टाकते. दुष्काळ आणि पूर दोन्ही वाढतात ते कसे? आमच्या जिल्ह्यातल्या मुलाने २०१८ चा दुष्काळ लहानपणी पाहिला आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचा पूरही पाहिला. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पाऊस लांबतो आणि आला की कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हे सांगतानाच दुसरी बाजूही सांगा. प्रत्येक दुष्काळाचं खापर हवामान बदलावर फोडणं चूक आहे. ओढा बुजवला, नदीपात्रात बांधकाम केलं, हजार फुटांवर बोअर नेलं, ही आपली कामं आहेत. सगळं हवामानावर ढकललं की गावातल्या जबाबदार माणसांना सुटायला सोपं जातं.

भीतीबद्दल तुम्ही विचारलंत. भीती घातली तर मुलं एक तर कान बंद करतात, नाहीतर रात्री झोपत नाहीत. आमच्याकडे कर्जापायी घरातलं माणूस गमावलेली मुलं वर्गात असतात. त्यांच्यासमोर पडद्यावर बुडणारी शहरं आणि भेगाळलेली जमीन दाखवण्याची मला कधीच गरज वाटली नाही. पाचवीपर्यंत तर विनाशाची भाषाच नको. तिथे झाडं, पक्षी, पाऊस, माती यांची ओळख आणि माया एवढंच पुरे. सहावी ते आठवीला मोजणं. नववीच्या पुढे ऊर्जा, धोरण, कोणत्या देशाची किती जबाबदारी हे सगळं मोकळेपणाने. भीती कमी करायला उपदेशाचा उपयोग होत नाही, हाताला काम दिलं की ती आटोक्यात राहते. ज्या मुलीने स्वतः दोरीला गाठी मारून विहीर मोजली आहे, ती पाण्याबद्दल बोलते तेव्हा तिच्या आवाजात घाबरेपणा नसतो, हे मी पाहिलं आहे.

वृक्षारोपणाबद्दल एकच सांगतो. ते बंद करू नका, पण फोटो रोप लावताना काढण्याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर काढा. कडुलिंब, करंज, चिंच, बाभूळ अशी इथली झाडं, एका मुलाकडे एक, आणि उन्हाळी सुट्टीत पाणी कोण घालणार हे आधी ठरलेलं.

तुमच्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्याल? मी असतो तर म्हणालो असतो, "धूर थांबवायचा निर्णय तू आज घेऊ शकत नाहीस, पण तो निर्णय घेणाऱ्यांना प्रश्न विचारायला आकडे लागतात, आणि ते आकडे काढायला आपण इथे शिकतोय." चार-पाच वर्षांनी तो मतदार होईल. कुणी शेतकरी होईल, कुणी अभियंता, कुणी ग्रामसेवक, कुणी कारखान्यात कामाला लागेल. ताळेबंद मांडता येणारा ग्रामसेवक आणि न येणारा ग्रामसेवक यांनी मंजूर केलेली कामं वेगळी असतात. शिक्षणाचा परिणाम असा उशिरा आणि आडवाटेने होतो. हरितगृह वायूंच्या तक्त्यात तो दिसत नाही. म्हणून फक्त शिक्षणावर विसंबून राहू नये, आणि ते सोडूनही देऊ नये.

तुमच्यावर कामाचा बोजा किती असतो हे मला ठाऊक आहे. निवडणुका, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात अभ्यासक्रम. म्हणून नवा उपक्रम म्हणून हे सुरू करू नका, त्याला कुणी वेळ देणार नाही. गणितात घनफळ आणि शेकडेवारी आहे, भूगोलात पर्जन्य आहे, विज्ञानात उष्णता आहे, मराठीत मुलाखत घेणं आणि अहवाल लिहिणं आहे. त्याच तासांत हे बसवा. मुख्याध्यापकांकडे परवानगी मागताना "हवामान बदल प्रकल्प" म्हणण्याऐवजी "पर्जन्यनोंद" म्हणा, लगेच मिळते. सहकाऱ्यांपैकी एक गणिताचा शिक्षक सोबत घ्या, कारण तुमची बदली झाली तर वही कुणाच्या तरी हाती राहायला हवी. पहिल्या वर्षी फक्त पाऊस मोजा. दुसऱ्या वर्षी दोन विहिरी जोडा, एक गावठाणातली आणि एक रानातली, आणि त्यांची पातळी पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर घ्या. ताळेबंद तिसऱ्या वर्षी. बाटली कापायचं काम मात्र मृगाच्या आधी उरका. पहिला पाऊस हुकला तर वर्षाची बेरीज चुकते.